मांडवातली गाडी

चावी फिरवली की गाडीतून नुसता ‘टक्’ असा आवाज आला. मुकेशने पुन्हा फिरवली. पुन्हा टक्. त्यानंतर तेवढंही नाही.

घरामागच्या गाडीच्या मांडवाबाहेर पाहणीला आलेले दोघे साहेब उभे होते. त्यांना मोखाड्याला जायचं होतं, तिथून पुढे सूर्यमाळला, टँकर कुठल्या पाड्यापर्यंत पोचतो ते बघायला. गाडीचे मालक गोवर्धनआप्पा आधी हसले. “होईल हो, सकाळची जरा आळसावते,” म्हणाले. मग हसू आटलं.

“आप्पा, दगड काढतो चाकाखालचा,” मुकेश खिडकीतून म्हणाला. “उतार हाय. सेकंडमधी टाकतो, लगेच लागंल.”

“म्हणजे साहेबांना धक्का मारायला लावतोस?”

साहेबांनीच स्टँडवर फोन करून दुसरी जीप मागवली. ती आली, ते बसले, धूळ उडाली. आप्पा धूळ बसेपर्यंत तिथेच उभे राहिले आणि मग वळले.

“लगेच लागेल म्हणालास. तुला कसं रे माहीत?”

मुकेशने स्टिअरिंगवरचा हात काढला. “परवा पन अशीच लागली.”

“परवा?”

“त्याच्या आदी पन. उतारावर सोडली का लागते, म्हनून काय बोललो नाय.”

जव्हारात गाडी कुणी सपाटीवर लावत नाही. सपाटी आहेच कुठे म्हणा. तोंड उताराकडे करायचं, चाकाखाली दगड सरकवायचा आणि सकाळी कधी रुसली तर दगड काढून सोडून द्यायची. रस्त्याला लागेपर्यंत ती आपोआप बोलायला लागते. या सवयीमुळेच दुखणं झाकून राहिलं होतं. मागच्या अमावास्येला नवी बॅटरी बसवली, तिला नारळ फोडला, आणि तीही जुनीसारखीच मरत होती.

“रात्री गाडीत झोपतोस ना? गाणी लावून?”

“नाय आप्पा. घरी जातो मी. चैती वाट बगते.”

“मग बॅटरी काय उंदीर पितात?”

आप्पांची सून जयश्री मागच्या दारात उभी राहून ऐकत होती. कडेवर तान्ही स्वरा तिच्या मंगळसूत्राची वाटी चोखत होती. तिला मुकेशची कीव आली, निव्वळ कीव. तेव्हा तिला दुसरं काही वाटायचं कारणच नव्हतं. मुकेश साखरशेतचा. भात-नागली घरात आली की दरवर्षी तो आणि चैती बिऱ्हाड बांधून भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे. यंदा आप्पांनी गाडीवर ठेवला म्हणून ती दोघं पहिल्यांदाच गावात राहिली होती. होळीला चैती तिचं बाळ दाखवायला घेऊन आली, तेव्हा दोन्ही पोरी एकाच गोधडीवर झोपवल्या होत्या. “भट्टीवर धूर लय,” चैती म्हणाली होती. “हिचं नशीब चांगलं, घरीच ऱ्हायली.” म्हणताना तिने पोरीच्या कपाळावरचा घाम लुगड्याच्या पदराने असा टिपला, की जयश्रीलाही स्वराचं कपाळ उगीच टिपावंसं वाटलं.

“उद्या रूपेशला बोलावतो,” आप्पा म्हणाले. “गाडीत दोष निघाला तर ठीक. नाही निघाला तर तू बघ तुझं.”

स्वरा झोपायची नाही, हे त्या घरातलं सगळ्यांत मोठं दुखणं होतं, गाडीचं त्यानंतरचं.

झोळी बांधली, तिच्यात ती डोळे टक्क उघडे ठेवून पडायची. सासूबाईंनी, शांताबाईंनी, मीठ-मोहऱ्या ओवाळल्या; त्याच मुठीतल्या उरलेल्या गाडीवरूनही ओवाळल्या, कारण दोघींनाही दृष्ट लागली असं त्यांचं मत होतं. सुशील पालघरला नोकरीला, शनिवारी यायचा, आणि रविवारी दुपारी लेकीला खांद्यावर टाकून म्हणायचा, “झोपते की माझ्याकडे!” झोपायची नाही. तोच झोपायचा.

मग एकदा लस टोचून परत येताना रस्त्यात फांदी पडली होती. मुकेशने गाडी कडेला घेतली, एक लाल बटण दाबलं आणि फांदी ओढायला उतरला. पुढचे-मागचे चारी पिवळे दिवे उघडमीट करू लागले आणि गाडीच्या आतून कुठून तरी आवाज यायला लागला, टिक-टॉक, टिक-टॉक. टोचलेल्या मांडीने बेजार होऊन रडणारी स्वरा थांबली. तिने एकदा हुंदका दिला, कान दिला, आणि पापण्या मिटल्या. आईच्या पोटात असताना असंच काही तरी ऐकू येत असेल का, असा विचार जयश्रीच्या मनात आला आणि ती तशीच बसून राहिली. मुकेश परत आला तेव्हा तिने ओठांवर बोट ठेवलं. त्यानेही दार न आपटता लावलं.

त्यानंतर दुपारी जेवणं झाली, भांडी उरकली, सासूबाई कलंडल्या आणि आप्पा दुकानात गेले, की जयश्री मागच्या मांडवात यायची. उन्हाळ्यात शिरपामाळ बघायला कोण पर्यटक येतंय; गाडी दोन-दोन, तीन-तीन दिवस तिथेच उभी असायची. डाव्या बाजूच्या दाराचं लॉक कधीच धड लागत नव्हतं. ती दार सताड उघडं ठेवायची, दरीकडून वारा यायचा. मांडीवर स्वरा. एक बोट त्या लाल बटणावर. चावी आप्पांच्या खुंटीवर नाहीतर मुकेशच्या खिशात. पण त्या बटणाला चावी लागत नव्हती. आणि चावी नाही म्हणजे गाडी बंद, असंच तिने धरलं होतं. भिंतीवरच्या घड्याळाला जसा त्याचा त्याचा सेल असतो, तसं या टिकटिकीचंही काही तरी असेल. खरं तर तेवढासुद्धा विचार तिने केला नव्हता. लेक झोपलीय, घरात कुणी हाक मारत नाही, आणि हा वेळ आपला आहे, एवढंच. कधी त्या वेळात ती नुसती लेकीच्या कानाची पाळी बघत बसायची. कधी स्वतःच झोपायची, आणि उठल्यावर आधी बटण बंद करायची. उन्हात ते दिवे कुणाला दिसतही नव्हते.

रूपेश दुसऱ्या दिवशी आला तो बोलतच आला.

“काय आप्पा, गाडीला दारूचं व्यसन लागलं म्हणे! रात्रीत बॅटरी पिते?”

“तू बघ आधी, मग बोल.”

रूपेशचं गॅरेज म्हणजे बाजारातल्या उतारावरची एक टपरी, पण वायरिंगसाठी लोक त्याच्याकडेच यायचे. त्याने बॉनेट उघडलं, बॅटरी चार्ज करून आणली होती ती बसवली, आणि एक वायर सोडून तिच्या जागी मध्ये आपला मीटर लावला. “आता गाडी जे काय खाईल ते याच्या पोटातनं जाणार,” तो म्हणाला. “सगळी दारं लावा. आणि थांबा जरा. गाडीलाही झोप लागायला वेळ लागतो.”

शांताबाई जयश्रीकडे बघून म्हणाल्या, “आपल्या स्वराबाईसारखंच आहे हो हिचं.” सगळे हसले. मुकेश हसला नाही. तो चाकाशी उकिडवा बसून मीटरवरचा आकडा बघत होता, जसं दवाखान्यात कुणाचं तरी माणूस बघतं.

आकडा उतरत उतरत अगदी बारीक झाला आणि थांबला.

“एवढं चालतं,” रूपेश म्हणाला. “घड्याळ, रेडिओची आठवण वगैरे. याच्यानं बॅटरी मरायला महिने लागतील. तरी खात्रीला एकेक फ्यूज काढतो. ज्याला हात लावल्यावर हा आकडा खाली पडेल, तो चोर.”

त्याने चिमट्याने एकेक फ्यूज काढून परत लावायला सुरुवात केली. हॉर्नचा. पंख्याचा. पुढच्या दिव्यांचा. प्रत्येक वेळी मुकेश मीटरवर वाकायचा आणि प्रत्येक वेळी सांगायचा, “तेवढाच हाय.” त्याचा आवाज दर वेळी थोडा खाली जात होता. चोर सापडत नाही म्हणजे काय, हे त्यालाही कळत होतं.

“गाडी एकदम सोज्वळ आहे आप्पा,” शेवटी रूपेशने चिमटा खिशात घातला. “हिचं काही नाही. कुणी तरी काही तरी चालू करतंय आणि नंतर बंद करतंय.”

“चावी कुणाकडे असते?” आप्पांनी विचारलं. विचारलं रूपेशला, बघितलं मुकेशकडे.

“चावीच पाहिजे असं नाही. चावीशिवायही चालतं बरंच काही. छतातला दिवा, हॉर्न, ब्रेकचा दिवा, ते चारी इंडिकेटर. थेट बॅटरीवर असतं ते सगळं. चारी इंडिकेटर तर लय खातात. तास-दोन तास रोज कुणी लावून ठेवले आणि गाडी फिरलीच नाही, तर कसली पण बॅटरी झोपेल.”

“इंडिकेटर कशाला कोण लावतंय मांडवात!” आप्पा म्हणाले. “गाणीच ती.”

जयश्रीने स्वराला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. तिने मांडवाचा खांब धरला, मग सोडला आणि आत गेली. स्वयंपाकघरात जाऊन तिने माठावरचं झाकण काढलं, पुन्हा ठेवलं. पाणी घेतलंच नाही. मग सुशीलला फोन लावला.

तो ऑफिसात होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि आधी हसला. “अगं वेडे!”

“हसू नका. आप्पा मुकेशला काढतायत.”

“काढणार नाहीत. रागात आहेत.”

“काढतायत. मी बाहेर ऐकून आले.”

त्याने आवाज खाली घेतला. “हे बघ, आत्ता रूपेशसमोर काही बोलू नकोस. आप्पांची शोभा होईल. ते काल साहेबांसमोर तसेच तोंडघशी पडलेत. आता दुपारी तिथे बसत जाऊ नकोस, म्हणजे झालं. बॅटरी उतरणार नाही, विषय संपेल.”

“आणि मुकेश?”

“त्याला लागेल कुठे तरी दुसरीकडे. ड्रायव्हर आहे तो. मी शनिवारी आलो की बघतो.”

शनिवारपर्यंत मुकेश भिवंडीला भट्टीवर असेल, तिला वाटलं. आणि लगेच, त्याच क्षणी, तिच्या मनात दुसरंही आलं: नवरा म्हणतोय तर गप्प बसावं. त्याने सांगितलं होतं, मी काय करणार, असं पुढे म्हणता येईल. हे मनात आलं तेव्हा तिला केवढं बरं वाटलं! त्या बरं वाटण्याची तिला जेवढी लाज वाटली, तेवढी बटणाचीही वाटली नव्हती. बटण तर तिने न कळत दाबलं होतं.

बाहेर आप्पांचा आवाज चढला होता. त्या आवाजाने स्वरा दचकली आणि रडायला लागली.

“मोबाईल चार्जिंगला लावत असशील.”

“आप्पा, दोन हप्ते झाला, मी मोबाईल पन लावला नाय गाडीत. घरी जाताना समदा हातानं चाचपून बगतो. दिवा, पंखा, समदा. मलाच वाटला, माज्याच हातून कायतरी ऱ्हातंय. म्हनून तर बोललो नाय तुमाला.”

“म्हणजे तूच कबूल करतोस.”

“कबूल नाय आप्पा. मी काय पन केला नाय.”

“चावी ठेव इथे.”

रूपेश मध्ये पडायला गेला. “आप्पा, मीटर राहू दे अजून तासभर, परत एकदा बघू. घाई कशाला...”

“तू बघ तुझा मीटर. याचं मी बघतो.”

जयश्री दारात आली तेव्हा मुकेशने खिशातून चावी काढली होती. पाण्याच्या पिंपावर ठेवायची की आप्पांच्या हातात द्यायची, हे न कळून तो नुसता ती धरून उभा होता. स्वराचं रडणं टिपेला पोचलं होतं. “घे बाई तिला आत,” शांताबाई म्हणाल्या. जयश्री आत गेली नाही. ती पायरी उतरली, मांडवात आली, सगळ्यांच्या मधून गेली. कुणाच्या तोंडाकडे बघितलं असतं तर पाऊल अडलं असतं, म्हणून तिने गाडीच्या दाराकडेच बघितलं. डावं दार उघडलं.

“ए, आकडा हलला!” रूपेश ओरडला. “कोणी दार उघडलं?”

ती सीटवर बसली. लेकीला छातीशी धरलं. आणि बोट पुढे करून लाल बटण दाबलं.

टिक-टॉक, टिक-टॉक.

रूपेश मीटरवर वाकला. मीटरवरचा आकडा उडी मारून वर जायचा, खाली पडायचा, पुन्हा वर. मांडवाच्या पाल्यावर पिवळा उजेड उघडमीट करत होता. आज सगळे तिकडेच बघत होते म्हणून तो दिसत होता. स्वराने एक हुंदका दिला. दुसरा अर्धाच राहिला. मूठ तोंडात गेली आणि पापण्या जड झाल्या.

जयश्रीने ठरवलेलं वाक्य वेगळं होतं, तोंडातून आलं ते एवढंच: “मी लावते आप्पा. रोज दुपारी. ती याच्यावरच झोपते. मला माहीत नव्हतं बॅटरी जाते म्हणून. मुकेशदादांचं काही नाही यात.”

आधी रूपेशला हसू फुटलं. मग शांताबाईंना. “अगं बया! आणि मी गाडीवरून मिठं ओवाळतेय!” आणि मग, जयश्री डोळे मिटून ज्या आवाजाची वाट बघत होती तो आवाज आलाच नाही, आप्पाही हसायला लागले. पोट धरून हसले. “नात कुणाची आहे! नवी बॅटरी लागते तिला झोपायला!” त्यांनी वाकून झोपलेल्या स्वराच्या तळपायाला बोट लावलं. “झोप गं बाई, झोप. आजोबा आणखी एक आणतील.”

“आप्पा, रागावला नाहीत?” तिने विचारलं.

“रागावू कशाला? तुला काय ठाऊक असणार. चहा टाक सगळ्यांना. नको, बस तू, ती उठेल. शांते, तू टाक.”

त्यात क्षमासुद्धा नव्हती. अपराध झालाच नव्हता. मघापासून जी चोरी होती, तिची बघता बघता गंमत झाली होती. संध्याकाळपर्यंत ती बाजारभर जाईल, रूपेश रंगवून सांगेल. जयश्रीला वाटलं, त्यांनी मला एक तरी शब्द टाकून बोलावं. मुकेशला बोलले त्यातला एक.

मुकेश हसत होता. सगळे हसतात तेव्हा हसायचं असतं तेवढंच. चावी अजून त्याच्या हातात होती.

“ठेव ती खिशात,” आप्पा त्याला म्हणाले. “आणि उद्या लवकर ये. वाड्याला जायचंय.” झालं. एवढंच.

चहा पिऊन तो निघाला, तेव्हा जयश्री स्वराला झोळीत टाकून त्याच्या मागून फाटकापर्यंत गेली.

“मुकेशदादा, चुकलं माझं.”

“तुमचा काय चुकला वयनी. पोर झोपली ना?”

“मी काल पण दारात उभी होते. तुम्हाला बोलत होते तेव्हा.”

“काल तुमाला काय ठावा होता!” तो चप्पल पायात नीट करत म्हणाला. “आमची पन नाय झोपत. चैती म्हनते, तुझ्या गाडीत घेऊन जा एकदा.” तो हसला, या वेळी थोडं खरं. मग हसू गेलं. “पन वयनी, तुमी बटन नसता दाबला तर?”

तिच्याकडे उत्तर होतं. स्वयंपाकघरात, माठाशी उभी असताना तिला ते मिळालं होतं. ते सांगण्याऐवजी तिने फाटक उघडून धरलं. उतारावरून तो खाली गेला.

रात्री जेवताना तिने आप्पांना म्हटलं, “मुकेशशी काही तरी बोला ना उद्या. त्याला वाईट वाटलं असेल.”

“काय बोलू?” आप्पांना खरंच कळलं नाही. “ठेवला की त्याला.”

दुसऱ्या दिवशी मुकेश आला, वेळेच्या आधी आला. गाडी एका चावीत लागली. तो वाड्याला जाऊन आला, गाडी धुतली, चाकाखाली दगड सरकवला. आणि घरी जाण्याआधी मागच्या दाराशी येऊन मोठ्याने म्हणाला, “आप्पा, बगून घ्या.”

“काय बघू?”

“समदा बंद हाय. बगून घ्या, मंग जातो.”

“अरे, गेलं ते आता. जा.”

“नाय आप्पा. कुणी तरी बगा.” आवाजात राग नव्हता, नम्रताच होती, पण तो हलला नाही. आप्पा टीव्हीसमोरून उठेनात. शांताबाई म्हणाल्या, “काय खूळ घेतलंय यानं.” शेवटी जयश्री हात पुसत बाहेर आली. मुकेशने एकेका गोष्टीवर बोट ठेवून दाखवलं: छतातला दिवा, रेडिओ, पंखा, पुढचे दिवे. लाल बटणही दाखवलं, बाकीच्यांसारखंच, ना जास्त ना कमी. प्रत्येकाला ती “हो” म्हणाली. मग त्याने तिच्यासमोर दार लावलं, चावी आप्पांच्या खुंटीला लावायला तिच्या हातात दिली, आणि गेला.

आता रोज संध्याकाळी तो असाच हाक मारतो. आता तर थेट तिलाच मारतो, “वयनी, बगून घ्या.” लेक रडत असली, पोळी तव्यावर असली, तरी जयश्री गॅस बंद करून जाते. स्वराला कडेवर घेऊन त्याच्या बोटामागून एकेक वस्तू बघते, नीट बघते, आणि दर वेळी मोठ्याने, घरात आप्पांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगते, “बंद आहे, मुकेशदादा. सगळं बंद आहे. मी बघितलं.”